नॅशनल ओव्हरसीज शिष्यवृत्ती : पात्रतेच्या कलमांवर भाष्य

आपल्यापुढचा पाठ परदेशातल्या उच्च शिक्षणासाठीच्या या शिष्यवृत्तीचा, म्हणजे केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय व अधिकारिता मंत्रालयाचा आहे. २०२२-२३ च्या मार्गदर्शक सूचनांतली कलमे घेतली आहेत. मूळ इंग्रजीचा आशय मराठीत देतो. वाचताना प्रत्येक कलमाला एक प्रश्न विचार : ही अट कोणत्या दिवशी पूर्ण झालेली असायला हवी? निम्मा अर्थ तिथे उलगडतो.

“जागा १२५. त्यांतल्या ११५ अनुसूचित जातींना. ६ विमुक्त, भटक्या व अर्धभटक्या जमातींना. ४ भूमिहीन शेतमजूर व पारंपरिक कारागिरांना.”

अनुसूचित जाती म्हणजे १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात नोंदलेल्या जाती. १९९० च्या दुरुस्तीने या जातींतून बौद्ध झालेलेही त्यात आले. याचा अर्थ, महाराष्ट्रातला असा बौद्ध विद्यार्थी पहिल्याच गटात बसतो. अनुसूचित जमातींचा उल्लेख नाही, कारण त्यांच्यासाठी आदिवासी कार्य मंत्रालयाची वेगळी योजना आहे. जे लिहिलेले नाही, त्याचेही कारण असे शोधत जावे.

“कुटुंबाचे सर्व मार्गांनी मिळणारे एकूण वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांहून अधिक नसावे.”

‘सर्व मार्गांनी’ म्हणजे पगार, शेती, घरभाडे, व्याज, सगळे. ‘करपात्र’ हा शब्द इथे नाही. म्हणजे वजावटी केल्यानंतरचा आकडा धरून चालू नये. आपल्याकडे हा दाखला तहसील कार्यालयातून मिळतो. त्यावर कोणत्या आर्थिक वर्षाचे उत्पन्न लिहिले आहे ते घरी येण्याआधी खिडकीवरच वाचून घे. रक्कम बरोबर आणि वर्ष चुकीचे असा दाखला निरुपयोगी ठरतो.

“वयोमर्यादा ३५, मोजणी १ एप्रिलच्या दिवशी. पात्रता परीक्षेत किमान ६० टक्के गुण.”

वयाबद्दल संदिग्धता नाही, पुढे जाऊ. गुणांबद्दल मात्र थांबले पाहिजे. पात्रता परीक्षा म्हणजे एम.ए., एम.एस्सी. अशा पदव्युत्तर शिक्षणासाठी पदवी, आणि पीएच.डी.साठी पदव्युत्तर पदवी. बारावीचे गुण इथे मोजले जात नाहीत. साठ टक्के हा उंबरठा आहे, गुणवत्तायादी नव्हे. यादीचा क्रम पुढच्या कलमातून निघतो.

“विद्यापीठांच्या क्यूएस जागतिक क्रमवारीतल्या पहिल्या ५०० परदेशी संस्थांपैकी एकीचे अनकंडिशनल ऑफर लेटर असावे. निवड संस्थेच्या क्रमानुसार.”

याचा अर्थ, पंच्याऐंशी टक्के मिळवून चारशेव्या संस्थेत प्रवेश घेणारा मागे राहतो. बासष्ट टक्के मिळवून तिसाव्या संस्थेत जाणारा पुढे येतो. विद्यापीठ निवडणे हाच या अर्जाचा गाभा आहे, आणि ते काम सरकारी अर्ज उघडण्याच्या कितीतरी आधी करायचे असते.

आता ‘अनकंडिशनल’. अभिनंदनाच्या वाक्यावर पत्र संपत नाही. खाली बघ. ‘अंतिम वर्षाचे गुणपत्रक सादर केल्यास’, ‘आयएल्ट्सचा निकाल मिळाल्यास’, ‘अनामत रक्कम भरल्यास’ अशी एखादी ओळ असते. ती आहे तोवर पत्र सशर्त. गुणपत्रकाची अट इथल्या विद्यापीठाचा निकाल लागल्यावर सुटते, भाषेची अट परीक्षा दिल्यावर. खरा पेच अनामतीचा : पैसे नाहीत म्हणून शिष्यवृत्ती हवी, आणि शिष्यवृत्तीसाठी आधी पैसे भरून अट काढायची. पाठ याविषयी मौन बाळगतो. इथे दोन अर्थ संभवतात. एक, कोणतीही अट शिल्लक नसावी. दुसरा, शैक्षणिक अट शिल्लक नसावी. पैशांची अट शिष्यवृत्तीनेच पुरी व्हायची आहे. योजनेचा हेतू दुसऱ्या अर्थाला पुष्टी देतो. पण छाननी करणाऱ्यापुढे हेतू नसतो, कागद असतो. म्हणून विद्यापीठाला अर्जाआधीच लिही. शासकीय शिष्यवृत्तीसाठी अनामत माफ करा किंवा पुढे ढकला, आणि तसे सुधारित पत्र द्या, अशी विनंती कर.

“भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास, सामाजिक अभ्यास यांवरील, भारतावर आधारित संशोधनाचे विषय योजनेत येणार नाहीत.”

पाठातले सर्वांत कठीण वाक्य हेच. मुळात हे शब्द तिरप्या रेघांनी जोडलेले आहेत, आणि ‘भारतावर आधारित’ हे शब्द शेवटी येतात. ते कोणाला लागू? अरुंद वाचन असे : ते फक्त ‘सामाजिक अभ्यास’ला चिकटतात. रुंद वाचन असे : सामाजिक शास्त्रांतला भारताविषयीचा कोणताही विषय वर्ज्य. भारताचा अभ्यास देशातच उत्तम होतो, परदेशी जागा इतर विषयांना मिळाव्यात, असे या बंधनामागचे कारण मंत्रालयाने दिले होते. ते कारण रुंद वाचनाकडे झुकते.

हे कलम उदाहरणांवर घासून पाहू. डॉ. आंबेडकर १९१३ मध्ये बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियाला गेले. ९ मे १९१६ रोजी त्यांनी तिथल्या मानववंशशास्त्राच्या परिसंवादात भारतातील जातींवर निबंध वाचला. हा विषय दोन्ही वाचनांत बाहेर पडतो. पुढे लंडनला त्यांनी रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध लिहिला. तो अर्थशास्त्राचा आहे. पण सामग्री भारताची. अर्थशास्त्र सामाजिक अभ्यासात धरले तर बाहेर, वेगळे धरले तर आत. मार्गदर्शक सूचना याचा निकाल देत नाहीत. माझे मत स्पष्ट आहे : ज्या समाजांसाठी ही योजना आहे, त्यांच्या मुलांनी आपल्या जगण्याचा अभ्यास जगातल्या उत्तम ग्रंथालयांत बसून करावा, याची वाट या वाक्याने अरुंद केली आहे, आणि ते मला फार लागते. पण पाठ जोवर असा आहे, तोवर तुला तो असाच वाचावा लागेल. अर्ज भरताना रुंद वाचन गृहीत धर.

“ज्या अभ्यासक्रमासाठी वा संशोधनासाठी शिष्यवृत्ती मंजूर झाली, तो बदलता येणार नाही.”

हे कलम मागच्याशी जोडूनच वाचायचे. म्हणजे तुलनात्मक शहररचना असा विषय लिहून मंजुरी घ्यायची आणि तिकडे पोहोचल्यावर धारावीवर प्रबंध धरायचा, ही वाट बंद आहे. विषय भारताचाच हवा असेल, तर या योजनेत तो लपवू नकोस. त्याच विषयासाठी दुसरी शिष्यवृत्ती शोध. इथे अर्ज करायचा असेल, तर चार वर्षे मन रमेल असा विषय मार्गदर्शकाशी बोलून आधी पक्का कर, आणि संशोधन-प्रस्तावाचे शीर्षक, ऑफर लेटरमधले शीर्षक आणि अर्जातले शीर्षक शब्दशः एकच ठेव.