कोटाची बटणं लावा, असईला निघायचंय

माहूरगडावर रेणुकामातेचं दर्शन झालं, कुटलेल्या विड्याचा प्रसाद तोंडात विरघळतोय. बरं चाललंय तुमचं. आता तो गिळा आणि डोळे मिटा. आपल्याला मराठवाड्याच्या दुसऱ्या टोकाला जायचंय, जालना जिल्ह्यातल्या असईला, आणि तारीख आहे 23 सप्टेंबर 1803.

उघडा डोळे. अंधार आहे. तुमचं वय वीस, मुलूख स्कॉटलंड, हुद्दा लेफ्टनंट, 74 वी हायलँडर पलटण. अंगावर लाल लोकरी कोट. तिकडच्या गारठ्यासाठी शिवलेला, पण घालायचा मराठवाड्यात! गळ्याला काळा पट्टा आवळलेला, मान वळवायची तर खांद्यासकट वळा. कालचा घाम वाळून कोटाच्या काखेत पांढऱ्या रेघा उमटल्यात आणि त्याला ओल्या कुत्र्यासारखा वास येतोय. तक्रार करू नका, शेजारच्याचाही तसाच आहे.

चला. पाऊस ओसरलाय, पण शिवार अजून ओलं आहे. काळी माती बुटाला अशी धरते की दहा पावलांत पाय दुप्पट जड होतो. खरवडून काढाल, पुढच्या दहा पावलांत पुन्हा तेच. मागं तोफांचे बैल, त्यांच्यामागं सगळा बुणगा. हत्ती, उंट, धोबी, पोरंबाळं. आणि लमाणांचे तांडे. आपल्या माहूर-किनवटकडच्या माणसाला तांड्याची ओळख करून द्यायला नको, पण ते शेकडो बैल पाठीवर गोणी घेऊन चालताना ऐका एकदा. घंटांचा आवाज कोसभर पोचतो. या ज्वारीच्या मुलखात मद्रासी शिपायांना भात लागतो आणि तो या गोण्यांतून येतो. तांडा अडला की कंपनी सरकारचं लष्करही अडलं. इतिहासाच्या पुस्तकात सेनापती असतो, बैल नसतो. मला हा अन्याय वाटतो.

बावीसेक किलोमीटर चालून नळणीला पोचलात. आता तंबू, सावली, पोटात काहीतरी? नाही. शत्रू उद्या भेटायचा होता, तो आजच पुढ्यात निघाला.

टेकाडावरून बघा. केळणा नदीच्या पल्याड शिंद्यांची आणि नागपूरकर भोसल्यांची छावणी मैलोन् मैल पसरलीय. घोडी खिंकाळतायत, चुलींचा धूर आडवा पडलाय. हॅनोव्हरच्या पोलमनचे कवायती कंपू आणि शंभरेक तोफा. तुमची माणसं त्यांच्या कितीतरी पट कमी. पोटात गोळा आला ना? येऊ द्या.

वाटाडे म्हणतात, नदीला जवळ उतार नाही. सेनापती वेलस्ली दुर्बीण लावतो, त्याला पिंपळगाव आणि वरूड ही दोन गावं नदीच्या दोन काठांवर समोरासमोर दिसतात. म्हणजे मधे उतार असणारच, असं तो म्हणतो. यात कसली अक्कल? कुठल्याही मराठी म्हातारीनं हेच सांगितलं असतं. समोरासमोरच्या गावांत सोयरिकी असतात, लेकी काय पोहून माहेरी येतात?

उतरा पाण्यात. बुटात गार पाणी शिरतं, आणि आज पहाटेपासून पहिल्यांदा बरं वाटतं. तेवढ्यात हवा फाटल्यासारखा आवाज होतो. सेनापतीजवळच्या स्वाराचं मुंडकं नाहीसं झालंय. धड अजून खोगिरावर बसलेलं. बघू नका म्हणून उपयोग नाही, बघितलंत तुम्ही.

पलीकडं फळी धरली. तुमची पलटण उजवीकडं. पुढं चालणाऱ्या तुकड्या भलत्याच उजवीकडं वळतात, थेट असई गावाच्या रोखानं, आणि त्यांच्या मागोमाग तुम्हीही. चूक आहे, पण या धुरात कुणाला कळतंय? मातीच्या भिंती, निवडुंगाची कुंपणं आणि त्यांच्याआडून तोफा. छर्रे ओल्या मातीत घुसताना चपक्‌ चपक्‌ वाजतात. माणसात घुसताना होणारा आवाज जवळपास तसाच असतो. दारूच्या धुरानं घसा कोरडा पडलाय, जीभ टाळ्याला चिकटलीय. काडतूस दातांनी तोडून शिपायांचे ओठ काळे झालेत. कप्तान पडला. दुसरा पडला. हुकूम कोण देतंय? बहुधा तुम्हीच.

घोडदळ आलं! उरलेल्यांनी कसाबसा चौकोन केला, मेलेल्यांच्या आडोशानं. आणि हे कोण आलं तुमच्या शेजारी? क्वार्टरमास्टर जेम्स ग्रँट. हा खरं तर रसद आणि कपडेलत्ते सांभाळणारा, लढणं याचं काम नव्हे. दोस्त एकेक करून पडताना बघवेना म्हणून रांगेत शिरलाय. संध्याकाळी पलटणीच्या अधिकाऱ्यांत धडका असा हाच एकटा उरणार आहे. म्हणजे तुम्हालाही लागणार. लागलंच, खांद्यात. आधी नुसता धक्का, मग ऊब, आणि बऱ्याच वेळानं दुखणं.

आपले स्वार धावून आले म्हणून वाचलात. तिकडं शिंद्यांचे गोलंदाज तोफांखाली मेल्यासारखे पडून राहिले, गोरी फळी पुढं गेल्यावर उठले आणि पाठीत गोळे घातले. तोफ सोडून पळाले नाहीत. तुमच्या बाजूचे लोकही हे कबूल करतात.

कंपनीच्या बाजूचे दीड हजारांवर मेले नि जखमी झाले. रात्री तुम्ही त्याच शिवारात उताणे. वर चांदण्या, आसपास कण्हणं, कुठंतरी बैलाची एकटी घंटा.

पुढं पलटणीला हत्तीचं चित्र असलेला जादा झेंडा मिळाला आणि दर 23 सप्टेंबरला तो क्वार्टरमास्टरच्या हाती द्यायचा रिवाज पडला. तुम्हाला त्याचं काय? तुम्ही अजिंठा गावात खाटेवर आहात, जखमेवर माश्या, तापात बडबड. दोन-तीन कोसांवर, झाडीनं झाकलेल्या दरीत, भिंतीवरचा पद्मपाणी अंधारात कमळ धरून उभा आहे. कुणा साहेबाला त्याचा पत्ता लागायला अजून सोळा वर्षं आहेत. तुम्ही मातीच्या भिंतीकडं तोंड करून पडलाय आणि पाण्याचा माठ हाताला लागत नाहीये.