तळटीप : बिनपंख्याचा लॅपटॉप

* इंटेलने २०१४ मध्ये ‘कोअर एम’ प्रोसेसर आणला, त्यावर चालणारा हा लॅपटॉप. त्या चिपची उष्णतेची मर्यादा अवघी ४.५ वॉट, एरवीच्या पातळ लॅपटॉपमध्ये ती १५ वॉट असे. एवढीशी उष्णता धातूच्या अंगातूनच बाहेर पडते, पंखा लागत नाही. मात्र काम लांबले की चिप तापते आणि आपणच आपला वेग उतरवते. लिहिता-वाचताना चपळ असणारे यंत्र मोठा व्हिडिओ तयार करताना रेंगाळते, मांडीला तळ गरम लागतो. तरी या लेखाच्या लेखकांनी त्याला सरसकट ‘मंद’ म्हणावे, हे मला पटत नाही. निजलेल्या बाळाशेजारी रात्री लिहीत बसणाऱ्याला ती नीरव शांतता फार मोलाची. ॲपलचे २०१५ चे बारा इंची मॅकबुक याच चिपवर चाले. वजन ९२० ग्रॅम. — संपा.