पक्का रंग: कापूस, रंग आणि पाणी यांचा एक इतिहास



'ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला' ही म्हण आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे. वाण म्हणजे रंग. संगतीने सवयी लागतात, रंग लागत नाही, एवढाच तिचा अर्थ. पण म्हण रचणाऱ्याच्या शेजारी एखादा रंगारी राहत असावा, अशी आम्हाला शंका आहे. कारण नुसत्या शेजाराने रंग लागत नाही, ही रंगाऱ्याची रोजची अडचण. सुती कापडाच्या बाबतीत तर फारच. कापसाला रंग लागतो कसा, टिकतो कसा, आणि तो टिकावा म्हणून कुणी कुणी किंमत मोजली, हा आजचा विषय.

आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. मग कापड रंगवण्याशी आमचा संबंध काय, असं कुणी विचारेल. पण न्याय-वैशेषिकांच्या वर्गात कापड पहिल्याच आठवड्यात येतं. तंतू आणि पट हे त्यांचं आवडतं उदाहरण. दोन वस्तू नुसत्या चिकटल्या, पुन्हा सुट्या होऊ शकतात, तर तो संयोग. एकमेकींपासून वेगळ्या काढताच येत नाहीत, तर तो समवाय. पट तंतूंमध्ये समवायाने राहतो आणि पटाचा रंग पटामध्ये समवायानेच राहतो. हे झालं शास्त्र. पण रंगाऱ्याने बाहेरून आणलेला तांबडा रंग? तो पहिल्या धुण्यात नदीत गेला तर संयोग, म्हणजे कच्चा. समवायाच्या जवळ पोचला तर पक्का. रंगकामाचा सगळा इतिहास या दोन शब्दांमधल्या अंतराचा आहे, असं म्हटलं तर फारसं चुकणार नाही.

आता थोडं रसायन. लोकर आणि रेशीम ही प्रथिनं. त्यांच्यात विद्युतभार असलेले गट असतात, ते रंगाचे कण धरून ठेवतात. कापूस म्हणजे सेल्युलोज. त्याच्यात ऑक्सिजन-हायड्रोजनचे गट भरपूर, पण स्वभावाने उदासीन. त्यांना पाणी आवडतं, म्हणून सुती कपडा घाम टिपतो. पण बहुतेक वनस्पतींचे रंग त्याच्यावर येतात आणि निघून जातात. म्हणून मध्ये तिसरा कुणीतरी लागतो.

हा तिसरा फार पूर्वी आपल्याकडे सापडला होता. मोहेंजोदडोच्या उत्खननात चांदीच्या भांड्याला चिकटून राहिलेले कापडाचे तुकडे मिळाले. १९२० च्या दशकात ते मुंबईला, माटुंग्याच्या कापूस तंत्रप्रयोगशाळेत तपासले गेले. कापड कापसाचंच निघालं, आणि त्यावर मंजिष्ठाच्या जातीचा तांबडा रंग असल्याचं नोंदलं गेलं. चार हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचा सुती कपड्यावरचा तांबडा रंग! म्हणजे तुरटीसारखं काहीतरी रंगबंधक तेव्हा हाताशी असणार.

रंगबंधक काय करतं? तुरटीतला अ‍ॅल्युमिनियम एका हाताने धाग्याला धरतो आणि दुसऱ्या हाताने रंगाला. पण कापूस त्यालाही सहज हात देत नाही. म्हणून आधी हिरडा. हिरड्यातलं टॅनिन धाग्यावर बसतं, टॅनिनवर तुरटी बसते, तुरटीवर रंग. फ्रेंच जेझुइट पाद्री केर्दू याने १७४२ मध्ये कोरोमंडल किनाऱ्यावरून पाठवलेल्या पत्रात ही कृती सविस्तर लिहिली. कापड आधी हिरड्याची पूड आणि म्हशीचं दूध यांच्या मिश्रणात भिजवायचं, उन्हात वाळवायचं, लाकडाने ठोकून गुळगुळीत करायचं. दुधातल्या स्निग्धांशामुळे वर काढलेली रेघ फुटत नाही. आज ज्याला आपण फंक्शनल फिनिशिंग म्हणतो, म्हणजे कापडाच्या अंगी एखादा गुण मुद्दाम आणणं, त्याचाच हा जुना अवतार. दूध आणि हिरडा!

मग त्या कापडावर कुठे लोहाचं पाणी लावायचं, कुठे तुरटीचं, आणि सगळं एकाच मुळीच्या काढ्यात उकळायचं. लोह लावलेली रेघ काळी होते, तुरटी लावलेलं फूल तांबडं. काढा एक, रंग दोन! म्हणजे रंग एकट्या मुळीचा नाही, धाग्याचाही नाही. तो तिघांच्या नात्यातून जन्मतो. वर्गात अर्धा तास खर्चूनही जे पटत नसे, ते रंगाऱ्याच्या कढईत दोन मिनिटांत दिसतं.

युरोपला या कापडाचं वेड लागलं, ते धुवूनही न जाणाऱ्या रंगामुळे. तिथले विणकर इतके हवालदिल झाले की फ्रान्सने १६८६ ते १७५९ अशी बंदी घातली आणि इंग्लंडनेही १८ व्या शतकाच्या सुरुवातीला कायदे केले. केर्दूचं पत्र त्या काळातलं आहे. त्यात कुतूहल होतं, तसाच व्यापारी हेतूही होता.

निळीची गोष्ट वेगळी. निळीला रंगबंधक लागत नाही. ती पाण्यात विरघळतच नाही. रांजणात आंबवून तिचं रूप बदलावं लागतं, तेव्हा पाणी हिरवट-पिवळं होतं आणि ती धाग्यात शिरते. कापड बाहेर काढलं की हवेने पुन्हा निळी होते आणि आतच अडकून बसते. आपल्याकडच्या निळारी समाजाची ही पिढ्यान्‌पिढ्यांची विद्या. इथे नातं नाही, कैद आहे. म्हणूनच जीन्स गुडघ्यावर पांढरी पडते.

नीळ वनस्पतीची, म्हणजे निसर्गाची. मग ती निर्दोष म्हणायची का? बंगालच्या रयतेने १८५९-६० मध्ये नीळ पेरायला नकार दिला, तो उगाच नाही. चंपारणात तिनकठिया पद्धत होती. वीस कठ्ठ्यांपैकी तीन कठ्ठ्यांत नीळ लावलीच पाहिजे. १८९७ मध्ये जर्मनीतून कृत्रिम नीळ बाजारात आली, दर कोसळले. तेव्हा शेतकरी सुटायला हवा होता. प्रत्यक्षात मळेवाल्यांनी निळीतून मोकळं करण्याच्या बदल्यात वाढीव खंड आणि रोख रकमा त्याच्याकडूनच वसूल केल्या. त्या तक्रारी ऐकायला १९१७ मध्ये गांधीजी तिथे गेले. रंग वनस्पतीचा होता की कारखान्याचा, याने त्या माणसाच्या पाठीवरचं ओझं बदललं नाही.

कारखान्याच्या रंगांकडे वळू. १८५६ मध्ये पर्किनने जांभळा रंग बनवला. १८६८ मध्ये ग्रेबे आणि लीबरमान यांनी मंजिष्ठाच्या जातीतल्या मुख्य रंगाची, अलिझारिनची, कृत्रिम घडण साधली आणि काही वर्षांतच दक्षिण फ्रान्समधली ती शेती बसली. १८८४ मध्ये काँगो रेड आला. तो कापसावर रंगबंधकाशिवाय थेट चढत होता. हिरडा नको, तुरटी नको, दिवसचे दिवस खपणं नको. तिसऱ्याची गरजच संपली! पण हा रंग बेंझिडिनपासून बनत असे. १८९५ मध्ये फ्रँकफर्टचा शल्यचिकित्सक रेन याने रंगकारखान्यातल्या कामगारांमध्ये मूत्राशयाच्या गाठी नोंदवल्या. पुढे बेंझिडिनही त्याच दोषाचं धनी ठरलं. अशा रंगांवर जर्मनीने आणि भारताने बंदी घातली ती १९९० च्या दशकात. मधलं शतक कामगारांच्या अंगावर गेलं.

१९५६ मध्ये इंग्लंडातून रिअ‍ॅक्टिव्ह रंग आले. हे सेल्युलोजशी थेट रासायनिक बंध करतात. आमच्या भाषेत, समवायाच्या इतकं जवळ याआधी कुणी गेलं नव्हतं. आज अंगावरचा बहुतेक रंगीत सुती टी-शर्ट त्यांचाच. पण रंग धाग्याकडे ढकलायला मीठ लागतं, गडद छटेला लिटरमागे पन्नास ते ऐंशी ग्रॅम. बंध जुळायला अल्कली लागते. त्याच अल्कलीत काही रंग धाग्याऐवजी पाण्याशीच बंध करून बसतो आणि वाया जातो. जुन्या जातींमध्ये हा वाया जाणारा हिस्सा तिसऱ्या भागापर्यंत असे. मीठ तर सगळंच बाहेर.

कुठे बाहेर? तमिळनाडूत तिरुप्पूरजवळ नोय्यल नदीवर ओरतुपाळयम येथे शेतीसाठी धरण बांधलं. १९९० च्या दशकात ते भरलं खारट रंगीत सांडपाण्याने. शेतकऱ्यांना त्यांच्याच धरणाचं पाणी नको झालं. ते न्यायालयात गेले, आणि २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने तिथले शेकडो रंगकारखाने बंद करायचा आदेश दिला. त्यानंतर थेंबभरही सांडपाणी बाहेर न सोडण्याची अट पाळत कारखाने पुन्हा उभे राहिले. पाणी गाळून परत वापरतात, हे कौतुकाचंच. पण आटवून उरलेल्या मिश्र मिठाचे ढीग ठेवायचे कुठे, हा प्रश्न उरतोच. आपल्या पंचगंगेकाठच्या लोकांना हे समजावून सांगायची गरज नाही.

फिनिशिंगचीही तीच कथा. कापडाला सुरकुती पडू नये म्हणून १९२० च्या दशकात मँचेस्टरमध्ये फॉर्मल्डिहाइडचं राळ वापरायची युक्ती निघाली. इस्त्रीचा त्रास वाचला. २००४ मध्ये जागतिक कर्करोग संशोधन संस्थेने फॉर्मल्डिहाइड कर्करोगकारक ठरवलं. आता त्याऐवजी सायट्रिक आम्लाच्या कुळातले पदार्थ वापरून पाहतात.

मग उपाय काय? पुन्हा सगळं हिरड्या-मंजिष्ठावर न्यायचं? आज जगात जेवढं कापड लागतं, तेवढ्यासाठी रंगाची शेती करायला जमीन कुठून आणणार, आणि तिच्यावर कुणाला राबवणार, हे चंपारण आपल्याला विचारतं. शिवाय झाडाच्या रंगाला तांबं किंवा क्रोमचं रंगबंधक लावलं, तर नाव नैसर्गिक आणि सांडपाणी विषारीच. कारखान्यांकडे बरे मार्ग आहेत. कापडाला रंग आणि अल्कली एकदम पाजून, गुंडाळून रात्रभर थंडच ठेवायचं. मीठ लागत नाही, पाणी आणि इंधन वाचतं. वेळ मात्र लागतो. जुना रंगारीही वेळच देत होता.

आणि मागणी आपल्याकडून सुरू होते. काळाकुट्ट रंग हवा, पन्नास धुण्यांनंतरही तसाच हवा, आणि स्वस्त हवा. या तीन अटींचा हिशेब कुणीतरी पाण्यात भरत असतो. आपली परंपरा 'पक्का' हा शब्द फक्त कापडाकडे बघून वापरत आली. इतिहास पाहिला तर प्रत्येक पक्क्या रंगाच्या मागे कुठेतरी काहीतरी कच्चं राहिलेलं दिसतं: चंपारणच्या कुळाचा करार, कामगाराचं शरीर, नोय्यलचं पाणी. यापुढे रंग पक्का आहे की नाही, हे ठरवताना कपडा धुतल्यावर पाहायचं, तसंच ते धुतलेलं पाणी पुढच्या गावात कुणी पिऊ शकतं का, हेही पाहावं लागेल. तेवढी एक कसोटी वाढवली, तर आजचे बरेच पक्के रंग कच्चे ठरतील.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर विचारा.