पेंढ्याचे गठ्ठे

आमचे आप्पामामा गॅरेजमध्ये मिस्त्री होते. जॉन फ्रँकनहायमर यांचा 1966 सालचा, मोटार शर्यतींवरचा चित्रपट ‘ग्राँ प्री’ त्यांनी तरुणपणी मुंबईत पाहिला, आणि पुढे आयुष्यभर आम्हा भाचरांना सांगितला. सुरुवात थेट मोनॅकोपासून. पीट ॲरन आणि स्कॉट स्टॉडर्ड हे चालक एकाच संघाचे, तरी एकमेकांना भिडतात. एकाची गाडी समुद्रात पडते, दुसरा जबर जखमी होतो. मग मामा कॅमेऱ्यावर यायचे. तो गाडीलाच बसवलेला! चित्रीकरणाची गाडी कधी कधी 1961चा जगज्जेता फिल हिल चालवायचा. नायक जेम्स गार्नरही स्वतः शर्यतीची गाडी हाकायचा.

शेवटी मॉन्झाची शर्यत. थकलेला प्रतिस्पर्धी चालक सार्ती तिथे मरतो, ॲरन जगज्जेता होतो आणि रिकाम्या ट्रॅकवर एकटाच चालत राहतो. मामा म्हणायचे, “अरे, ज्याच्याशी स्पर्धा, त्यालाच आपली भीती कळते. तो गेल्यावर जिंकल्याचं सांगायचं कुणाला?”

चित्रपटात खरे चालकही दिसतात. त्यांची नावं मामा पुढे वर्तमानपत्रांत शोधत राहिले, आणि ती सापडत गेली ती मृत्यूच्या बातम्यांत. लोरेन्झो बांदिनी, मे 1967, मोनॅको. ब्रूस मॅक्लारेन, 1970, गुडवुडला चाचणी घेताना. त्याच वर्षी मॉन्झाला योखेन रिंट. त्या मोसमाचं जगज्जेतेपद त्याला मरणोत्तर मिळालं. यो बोनियर, 1972, ल मान्स.

मामा सर्वांत जास्त बोलायचे ते बांदिनीबद्दल. त्याची गाडी बंदराजवळच्या वळणावर उलटून पेटली. कडेला पेंढ्याचे गठ्ठे रचलेले होते, त्यांनी आग आणखी भडकली. तीन दिवसांनी तो गेला. त्यानंतर ते गठ्ठे हटले, लोखंडी कठडे आले. “नशीब नव्हे रे, पेंढा होता तो,” हे सांगताना मिस्त्री असलेल्या मामांचा आवाज चढायचा.

पुढे मी चित्रपट पाहिला तेव्हा माझी नजर गाड्यांपेक्षा रस्त्याच्या कडांवर जास्त गेली. त्या चालक पोरांच्या शौर्याचे गोडवे जगाने खूप गायले. पण त्यांना वाचवायला शौर्य नव्हे, चांगले कठडे, जवळ उभं अग्निशमन पथक आणि वेळेवर पोचणारे डॉक्टर लागत होते. हे सगळं उभं करणं माणसाच्या हातात होतं, आणि ते उशिरा झालं. तो उशीर मामांनी आयुष्यभर माफ केला नाही. मीही करत नाही.