फ्लॉरेन्सचा दगड, गोव्याची चांदी

जऊळक्याहून गोवा लांब. आमच्या उर्दू शाळेची सहल साधारण वेरूळ-दौलताबादपर्यंत जाते. एका वर्षी हिंमत करून आम्ही मुलांना गोव्याला नेले. समुद्र पाहून झाल्यावर जुन्या गोव्यातील बॉम जेझू चर्चमध्ये गेलो. आमच्या वर्गातील बऱ्याच मुलांचे वडील गवंडीकाम, फरशीकाम करतात. उजव्या हाताच्या कबरीपुढे एक मुलगा दगड न्याहाळत उभा राहिला आणि म्हणाला, "सर, इसका जोड कां है? दिखताच नै."

जोड न दिसणे हीच तर त्या कारागिरीची विद्या! संत फ्रान्सिस झेवियर यांची ही कबर इटलीतील फ्लॉरेन्सची. ती घडवली जिओव्हान्नी बात्तिस्ता फोज्जिनी याने (१६५२–१७२५). हा मेदिची घराण्याचा दरबारी शिल्पकार आणि वास्तुविशारदही. झेवियर यांचा १५५२ मध्ये चीनजवळच्या एका बेटावर मृत्यू झाला. १५५४ मध्ये देह गोव्यात आला. पुढे जवळपास दीड शतकाने टस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोझिमो याने ही कबर भेट म्हणून पाठवली. संताची उशी पवित्र ठेव म्हणून त्याला मिळाली होती, तिची ही परतफेड, असे सांगतात. घडवायला दहा वर्षे लागली. सुटे भाग जहाजाने आले आणि प्लाचिदो राम्पोनी नावाच्या कारागिराने १६९८ मध्ये ते गोव्यात जुळवून उभे केले. या राम्पोनीने प्रवासाची हकिकतही लिहून ठेवली. कारागिराने स्वतः लिहावे, असे इतिहासात क्वचितच घडते.

कबर एका वस्तूची नाही. जास्पर आहे, संगमरवर आहे, आणि चारही बाजूंना ब्राँझमध्ये ओतलेले संताच्या आयुष्यातील प्रसंग आहेत. फ्लॉरेन्समध्ये १५८८ पासून रंगीत दगडांच्या कामाचा दरबारी कारखाना होता. तिथे आधी कागदावर नक्षी काढत, मग त्या आकाराचे पातळ दगड धनुष्याला ताणलेल्या लोखंडी तारेने आणि कुरुंदाच्या भुकटीने कापत. कडा इतक्या घासत की दोन दगडांत केसही जाऊ नये. साचा असेल तर ब्राँझचे चित्र पुन्हा ओतता येते, पाहिजे तितक्या प्रती काढता येतात. दगडाचे तसे नाही. त्याच्या अंगावरची शीर दुसऱ्या दगडात सापडत नाही. म्हणून या कामाची दुसरी नक्कल नाही.

वाचकहो, 'इटालियन' हा शब्द ऐकला की आमच्या मनात थोडी अढी येते, हे कबूल करतो. कारण याच शब्दाने एकदा आमच्या उस्तादांचे श्रेय नेले होते. १६४०–४१ मध्ये आग्र्याला आलेल्या मानरिक नावाच्या पोर्तुगीज पाद्र्याने लिहिले की ताजमहालचा आराखडा जेरोनिमो व्हेरोनेओ या व्हेनिसच्या माणसाचा. व्हेरोनेओ जवाहिऱ्या होता आणि १६४० मध्ये लाहोरला वारला, एवढे खरे. परंतु ताजचा नकाशा त्याचा म्हणणारा कागद दरबारच्या इतिहासांत नाही. तरी युरोपात ही गोष्ट पुष्कळ काळ चालली. पुढे लुत्फुल्लाह मुहंदिस याच्या फारसी दिवाणातील ओळी सय्यद सुलेमान नदवी यांनी विसाव्या शतकात अभ्यासकांपुढे आणल्या. आपले वालिद उस्ताद अहमद लाहोरी यांनी ताज आणि दिल्लीचा किल्ला बांधला, असे त्यात मुलानेच नोंदवले आहे.

पण म्हणून फोज्जिनीचे श्रेय नाकारायचे का? तसे केले तर मानरिकमध्ये आणि आमच्यात फरक काय राहिला? ज्या कसोटीने व्हेरोनेओ बाद होतो, त्याच कसोटीने गोव्याची कबर फोज्जिनीची ठरते. दिल्लीच्या लाल किल्ल्यात दिवाण-ए-आममधील तख्तामागच्या भिंतीतही फ्लॉरेन्सच्या दगडी चित्रफळ्या आहेत. त्यांतील एकीवर वाद्य वाजवणारा ऑर्फियस आहे. शाहजहानच्या कारागिरांनी त्या आपल्या पर्चीनकारीत बसवल्या. परदेशी माल घेतल्याने त्यांची विद्या कमी झाली नाही. आपली पर्चीनकारी मुळात वेगळी : संगमरवरात खाच कोरायची आणि बदख्शानचा लाजवर्द, गुजरातचा अकीक त्यात पाकळीसारखा बसवायचा.

आता त्या कबरीवर नजर वर न्या. संताचे अवशेष ज्या पेटीत आहेत ती चांदीची आहे, आणि ती फ्लॉरेन्सची नव्हे. कबरीच्या साठ वर्षे आधी, १६३६–३७ मध्ये, गोव्याच्या सोनार-कारागिरांनी ती घडवली. तिच्यावर संताच्या चरित्राची ३२ चित्रे ठोकून उठवली आहेत. ती करवून घेणारा पाद्री मास्त्रिल्ली, नेपल्सचा. त्याचे नाव ठाऊक आहे. खालचा दगड फोज्जिनीचा, तो जुळवणारा राम्पोनी. हातोडी चालवणारे गोव्याचे हात मात्र बेनाम. अवशेषांचे दर्शन दर दहा वर्षांनी होते. मागचे नोव्हेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ मध्ये झाले. लाखो लोक त्या पेटीच्या गावी येतात, आणि मार्गदर्शक सांगतो, "इटलीचे काम."

आमच्याकडे एक उदाहरण मात्र निराळे आहे. औरंगाबादचा (आता छत्रपती संभाजीनगर) बीबी का मकबरा १६६०–६१ चा. लोक त्याला ताजची गरीब नक्कल म्हणून हिणवतात. खर्चाचा आकडा ६,६८,२०३ रुपये ७ आणे असा सांगतात. वरचा बराच भाग संगमरवराऐवजी चुन्याच्या गिलाव्याचा आहे. पण त्याच्या मुख्य दरवाजावर बांधणाऱ्यांची नावे कोरलेली आहेत : अताउल्लाह आणि हंसपत राय. हा अताउल्लाह उस्ताद अहमदचाच मुलगा.

पुढच्या सहलीत जोड शोधणाऱ्या त्या मुलाला आम्ही त्या दरवाजापाशी नेले. अताउल्लाह त्याने लगेच वाचले. हंसपत राय वाचताना दोनदा अडखळला, मग मोठ्याने म्हणाला आणि बाकीच्यांना हाक मारली.