पेरणीआधी विकलेले पीक

हॉकी म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर ध्यानचंद उभे राहतात आणि काठीला चिकटल्यासारखा धावणारा चेंडू दिसू लागतो. कॅनडात मात्र नुसते 'हॉकी' म्हटले की तो बर्फावरचा खेळ समजायचा. पायांत पोलादी पात्यांचे बूट, चेंडूच्या जागी रबराची कडक चकती, आणि वेग असा की नवख्या प्रेक्षकाला चकती दिसतच नाही, गोल झाल्याचा गलका तेवढा ऐकू येतो. टोरोंटो शहराचा मेपल लीफ्स हा संघ म्हणजे तिथल्या लोकांच्या गळ्यातला ताईत. ह्या संघाच्या नावावर स्टॅन्ले करंडकाची १३ विजेतेपदे आहेत. त्यांतले तेरावे १९६७ सालचे. त्यानंतरची त्याची कहाणी ही बव्हंशी वाट पाहण्याची कहाणी आहे. वाट पाहण्याचा कंटाळा आला, की माणसे जे करतात तेच ह्या संघाने केले. त्याने आपला उद्याचा दिवस विकून टाकला, आणि मग तो परत मिळवण्यासाठी जिवाचे रान केले. हे एकदा नव्हे, दोनदा घडले.

हा व्यवहार समजण्यासाठी आधी एक नियम ध्यानात घ्यायला हवा. १९१७ साली स्थापन झालेल्या नॅशनल हॉकी लीगने १९६३ साली मॉन्ट्रियल येथे 'ड्राफ्ट'ची पद्धत सुरू केली. होतकरू तरुण खेळाडू दरवर्षी सगळ्या संघांनी पाळीपाळीने निवडायचे, अशी ही पद्धत. पाळी लागते ती उलट्या क्रमाने: जो संघ तळाशी, त्याचा हात आधी. पुढे तळाच्या संघांत सोडतही काढू लागले. पण दुबळ्याला आधी वाढायचे, हे पंगतीचे तत्त्व कायम राहिले. ह्या पाळीच्या हक्काला इंग्रजीत 'पिक' म्हणतात. आपल्या शेतकऱ्याच्या कानावर हा शब्द पडला, तर तो त्याला 'पीक' असाच ऐकू येईल, आणि अर्थाच्या दृष्टीने त्यात फारसे बिघडणार नाही. हा हक्क म्हणजे अजून न पेरलेल्या शेतातले पीकच. ते आगाऊ विकता येते. त्याच्या बदल्यात आज, ह्या घटकेला तयार खेळाडू मिळतो. मेख एवढीच, की विकणारा संघ जितका वाईट खेळेल, तितका त्याने विकलेला हक्क मौल्यवान होत जातो. आपली प्रत्येक हार ही आपल्या सावकाराची कमाई ठरते.

पहिला प्रसंग १९८९ सालचा. त्या ऑक्टोबरात लीफ्सचे व्यवस्थापक फ्लॉइड स्मिथ यांनी टॉम कर्व्हर्स नावाचा बचावपटू न्यू जर्सीच्या संघाकडून घेतला आणि मोबदल्यात १९९१ सालचा आपला पहिल्या फेरीचा हक्क देऊन टाकला. दोन वर्षांनंतरची गोष्ट ती. कोणी पाहिलेय, असा हिशेब असावा. पण १९९० चा हंगाम सुरू झाला आणि संघ हरत सुटला. इकडे एरिक लिंड्रॉस ह्या तरुणाच्या नावाचा डंका साऱ्या कॅनडाभर वाजत होता. १९९१ ला पहिली पाळी ज्याची, त्याला लिंड्रॉस मिळणार हे उघड होते. लीफ्स तळाला गेले असते, तर तो न्यू जर्सीच्या पदरात पडला असता!

विकलेला हक्क परत मिळण्याची आशा नव्हती. तेव्हा निदान त्याची किंमत तरी वाढू नये, म्हणून धावपळ सुरू झाली. तळाच्या जागेसाठी लीफ्सशी चुरस होती ती क्वेबेकच्या संघाची. नोव्हेंबर १९९० मध्ये लीफ्सनी त्याच क्वेबेककडून तीन जुनेजाणते खेळाडू आणले. बदल्यात एक तरुण खेळाडू आणि दुसऱ्या फेरीचे दोन हक्क दिले. पहिले कर्ज महाग पडू नये म्हणून दुसरे काढावे, तसलाच हा प्रकार. एवढे मात्र खरे, की डाव साधला. हंगामाअखेर क्वेबेकचे ४६ गुण झाले, लीफ्सचे ५७. लिंड्रॉसवर क्वेबेकने हक्क सांगितला. न्यू जर्सीची पाळी तिसरी आली, आणि तिच्यावर त्यांनी स्कॉट नीडरमायर हा बचावपटू निवडला. लाज वाचली, असे टोरोंटोत अनेकांना वाटले असेल. पण ह्या नीडरमायरने न्यू जर्सीला १९९५, २००० आणि २००३ असे तीन करंडक जिंकून देण्यात मोठा वाटा उचलला. कर्व्हर्स टोरोंटोसाठी अवघे ८९ सामने खेळला, आणि न्यू जर्सीने पाळी वापरण्यापूर्वीच, जानेवारी १९९१ मध्ये, दुसऱ्या संघाकडे रवाना झाला.

नीडरमायरचा चौथा करंडक आला तो २००७ साली, अ‍ॅनाहाइमचा कर्णधार म्हणून. त्या संघाचे व्यवस्थापक होते ब्रायन बर्क. दैवाचा खेळ असा, की हेच बर्क नोव्हेंबर २००८ मध्ये टोरोंटोचे व्यवस्थापक झाले. टोरोंटोने गमावलेल्या पिकाची गोडी ज्यांनी स्वतः चाखली होती, त्यांच्याच हातून पुढचा सौदा व्हायचा होता.

लीफ्सनी २००४ नंतर बाद फेरीचे तोंड पाहिले नव्हते. पाच-पाच वर्षे थांबून संघ उभारण्याची रीत बर्क यांना मानवणारी नव्हती. त्यांची नजर बॉस्टनच्या फिल केसलवर गेली. वय २१, मागच्या हंगामात ३६ गोल. अशा खेळाडूला परस्पर मागणी घालायची, तर नियमाप्रमाणे भरपाईसाठी आपले स्वतःचे हक्क हाताशी असावे लागतात, आणि २०१० सालचा दुसऱ्या फेरीचा हक्क आधीच शिकागोकडे गेलेला! सप्टेंबर २००९ च्या सुरुवातीला बर्क यांनी मोबदला मोजून तो परत आणला. विकलेले परत मिळवल्याचा हा एकमेव निर्भेळ प्रसंग. पण त्याचे सुख दोन आठवडेही टिकले नाही. १८ सप्टेंबरला केसलसाठी बॉस्टनशी थेट सौदा झाला, आणि त्यात २०१० चा पहिल्या फेरीचा हक्क, हा नुकताच सोडवून आणलेला दुसऱ्या फेरीचा हक्क आणि २०११ चा पहिल्या फेरीचा हक्क असे तिन्ही गेले.

केसलच्या खांद्यावर शस्त्रक्रिया झाली होती. नोव्हेंबर उजाडेपर्यंत तो बर्फावर उतरू शकला नाही. तोवर पहिल्या आठ सामन्यांत संघाला एकही विजय मिळाला नव्हता. हंगाम संपला तेव्हा ३० संघांत लीफ्सचा क्रमांक २९ वा होता. जून २०१० मध्ये दुसऱ्या पाळीवर बॉस्टनने टायलर सेगिन हा तरुण निवडला. तो जन्माने ब्रँप्टनचा, म्हणजे टोरोंटोच्या अगदी उंबरठ्यावरचा. घरच्या अंगणातले फळ पाहुण्याच्या टोपलीत गेले. बॉस्टनचे प्रेक्षक केसलला पाहताच 'थँक यू, केसल' असा घोष करू लागले. उपकार मानण्याची एवढी झोंबणारी तऱ्हा क्वचितच ऐकायला मिळते.

फेब्रुवारी २०११ मध्ये बर्क यांनी भरपाईची मोहीम काढली. क्रिस व्हर्स्टीगला फिलाडेल्फियाकडे देऊन एक पहिल्या फेरीचा हक्क मिळवला. मग टोमास काबर्लेची पाळी आली. १९९६ च्या ड्राफ्टमध्ये २०४ व्या क्रमांकावर निवडलेला हा बचावपटू १९९८ पासून टोरोंटोसाठी खेळत होता. त्याला बॉस्टनकडे धाडले आणि बदल्यात एक तरुण खेळाडू, पहिल्या फेरीचा एक हक्क व आणखी एक सशर्त हक्क घेतला. कागदावर दोन गेले, दोन आले. पण जून २०११ मध्ये बॉस्टनने स्टॅन्ले करंडकच जिंकला, आणि त्या विजयी संघात सेगिनही होता, काबर्लेही होता! विजेत्याची पाळी सर्वांत शेवटची, म्हणून बॉस्टनकडून आलेला हक्क ३० वा ठरला. बॉस्टनकडे गेलेला लीफ्सचा हक्क होता नववा. त्यावर टोरोंटोतच जन्मलेला डगी हॅमिल्टन त्यांना मिळाला. हक्क परत आला खरा, पण रुपया देऊन चाराणे घरी यावेत तसा. तो ३० वा हक्क आणि आपला ३९ वा हक्क अ‍ॅनाहाइमला देऊन बर्क यांनी २२ वी पाळी घेतली आणि टायलर बिग्जला निवडले. बिग्जला लीगचा एकही सामना खेळता आला नाही. अ‍ॅनाहाइमने त्या दोन पाळ्यांवर उचललेले रिकार्ड राकेल आणि गोलरक्षक जॉन गिब्सन मात्र पुढे वर्षानुवर्षे खेळत राहिले.

न्यायाची गोष्ट म्हणून हेही सांगितले पाहिजे, की ह्यात केसलचा दोष नव्हता. टोरोंटोच्या सहा हंगामांत त्याने १८१ गोल केले, आणि पुढे पिट्सबर्गकडून २०१६ व २०१७ चे करंडकही जिंकले. शिवाय बॉस्टनलाही ते धन जपता आले नाही. सेगिन २०१३ मध्ये आणि हॅमिल्टन २०१५ मध्ये त्यांनीच दुसरीकडे पाठवले. पीक हाती येणे निराळे आणि ते कोठारात टिकवणे निराळे.

टोरोंटोचा उद्याचा दिवस अखेर परत आला, तो कोणत्याही सौद्याने नव्हे. २०१५ मध्ये केसलला निरोप देऊन संघाने हार पत्करली आणि आपली पाळी आपल्यापाशीच ठेवली. २०१६ मध्ये तो तळाला गेला, सोडत त्याच्या बाजूने लागली आणि पहिल्या पाळीवर ऑस्टन मॅथ्यूज मिळाला. पुढे वर्षानुवर्षे गोलांचा पाऊस पाडणारा हा खेळाडू कोणाकडून विकत घेतलेला नव्हता. तो फक्त पाळी न विकल्यामुळे मिळालेला होता.

तरीही मोह सुटत नाही. मार्च २०२५ मध्ये लीफ्सनी बचावपटू ब्रँडन कार्लोसाठी २०२६ चा पहिल्या फेरीचा हक्क दिला, आणि तोही पुन्हा बॉस्टनलाच! ह्या वेळी मात्र करारात एक अट घालून घेतली: पाळी पहिल्या पाचांत आली, तर ती त्या वर्षी द्यायची नाही. छत्तीस वर्षांच्या अनुभवातून आलेले शहाणपण ते एवढेच, एका ओळीचे. पण ज्या घरात कधी उभे पीक विकले गेले आहे, त्या घरातली वडीलधारी मंडळी ह्या एका ओळीची किंमत नेमकी जाणतील.