सरंजाम आणि सार्वभौमत्व

भारतीय संविधानाच्या ५१ व्या अनुच्छेदाने राज्यावर चार कर्तव्ये सोपविली आहेत : आंतरराष्ट्रीय शांतता व सुरक्षितता यांचे संवर्धन, राष्ट्राराष्ट्रांत न्याय्य व सन्मानाचे संबंध, आंतरराष्ट्रीय कायदा व करार यांविषयी आदर, आणि तंट्यांचा लवादाने निकाल. २९ एप्रिल १९५४ च्या भारत-चीन करारातील पंचशीलातही समानता व शांततामय सहजीवन यांचा उच्चार आहे. त्या कराराची १९६२ साली काय गत झाली हे सर्वविदित आहे. परंतु समानता नाकारली जात असता शांतता कितपत राखता येते, हा प्रश्न त्याआधीच आमच्या उंबरठ्याशी येऊन उभा राहिला होता.

फ्रान्सने पुदुच्चेरीचा कारभार १ नोव्हेंबर १९५४ रोजी वाटाघाटींनी भारताच्या हाती दिला. पोर्तुगालने मात्र १९५० साली भारताने मांडलेला चर्चेचा प्रस्ताव धुडकावला आणि १९५१ साली आपली घटना बदलून वसाहतींना 'सागरपार प्रांत' असे नाव दिले. १९५४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये स्वयंसेवकांनी दादरा व नगर हवेली मुक्त केली. विख्यात गायक-संगीतकार सुधीर फडके त्यांत होते. दमणहून तेथे जाण्याची वाट भारतीय मुलखातून होती आणि भारताने पोर्तुगीजांना ती बंद केली. तेव्हा २२ डिसेंबर १९५५ रोजी पोर्तुगालने हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयात वहिवाटीच्या हक्काचा दावा लावला.

या दाव्याच्या मुळाशी मराठी कागद होते, ही गोष्ट आमच्या वाचकांनी विशेष ध्यानी घ्यावी. १७७९ सालचा पेशव्यांशी झालेला तह आणि १७८३ व १७८५ च्या सनदा यांवर वादीची भिस्त होती. न्यायालयाने सनदांची भाषा पाहून निर्णय दिला की, पोर्तुगीजांना मिळाला तो वार्षिक १२,००० रुपये उत्पन्नाचा जहागीर अथवा सरंजाम, राज्य नव्हे. देवस्थानांच्या व्यवहाराशी ज्यांचा परिचय आहे त्यांना हा भेद समजावून सांगावयास नको. देवाच्या नावे गाव इनाम असला म्हणजे वसूल देवाच्या पूजाअर्चेस लागतो. त्यामुळे देवस्थानचे व्यवस्थापक त्या गावचे राजे ठरत नाहीत.

तथापि निवाड्याची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. मराठ्यांनंतर त्या प्रदेशात इंग्रजांचा अंमल आला. त्यांनी पोर्तुगीजांना गावांचे धनी म्हणूनच वागविले, आणि त्या मौन संमतीतून वसुलाचे रूपांतर सार्वभौमत्वात झाले, असे न्यायालयास दिसले. १२ एप्रिल १९६० च्या निकालात खाजगी माणसे, मुलकी अधिकारी व सामान्य माल यांना वाटेचा हक्क मान्य झाला. सैन्य, सशस्त्र पोलीस व शस्त्रसामग्री यांच्यासाठीचा हक्क ८ विरुद्ध ७ मतांनी फेटाळला गेला. भारताने आपले कोणतेही बंधन मोडलेले नाही, असेही बहुमताने ठरले. मोतीलाल सेटलवाड यांनी भारताची बाजू लढविली. भारतातर्फे नियुक्त झालेले न्यायाधीश महंमद करीम छगला यांनी मुलकी वाटेच्या हक्काविरुद्ध भिन्न मत नोंदविले.

ज्या गावांवर हा वाद चालला, तेथील रहिवाशांचे मत १७८३ साली कोणी विचारले नव्हते, आणि इंग्रजांच्या मौनातही त्यांचा वाटा नव्हता. परक्याच्या मौनाने ज्यांचे स्वामित्व ठरते त्यांना समान म्हणता येत नाही. ही उणीव मुख्यतः कायद्याची होती, आणि कायदा बदलण्यास अनेकांचे सहकार्य लागते. १९५५ साली बांडुंग येथे २९ राष्ट्रे जमली, ती या सहकार्याची सुरुवात म्हणावी लागेल. १४ डिसेंबर १९६० रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने वसाहतींच्या स्वातंत्र्याचा ठराव ८९ विरुद्ध शून्य मतांनी संमत केला. तटस्थ राहिलेल्या ९ राष्ट्रांत पोर्तुगाल होता. दुसऱ्याच दिवशी गोव्याची गणना स्वशासन नसलेल्या प्रदेशांत करण्यात आली.

डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय सैन्य गोव्यात शिरले आणि १९ तारखेस पोर्तुगीज सत्ता संपली. सुरक्षा परिषदेत युद्धबंदी व माघार यांच्या ठरावास ७ मते पडली. श्रीलंका, लायबेरिया, संयुक्त अरब प्रजासत्ताक व सोव्हिएत संघ यांनी विरोध केला, आणि सोव्हिएत नकाराधिकाराने ठराव बारगळला. शांततेचा उपदेश करणाऱ्या देशाने शस्त्र उचलले, ही टीका त्या वेळी झाली. कायद्याचे अभ्यासक म्हणून आम्ही ती झटकून टाकू इच्छित नाही, कारण संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतील बलप्रयोगाचा निषेध आम्हांसही बांधील आहे. इतकेच म्हणतो की, १९५० पासून अकरा वर्षे चर्चेचे दार उघडे होते, दाव्यात भारत प्रतिवादी म्हणून उभा राहिला होता, आणि पोर्तुगालने समानतेच्या नात्याने एकदाही बोलणे मान्य केले नाही. पुढे लिस्बनमधील हुकूमशाही कोसळल्यावर ३१ डिसेंबर १९७४ च्या तहाने पोर्तुगालनेच या प्रदेशांवरील भारताचे सार्वभौमत्व मान्य केले.

मात्र हाच न्याय आम्हांसही लागू आहे. ज्या राष्ट्राने दुसऱ्याच्या मौनातून उपजलेल्या हक्काविरुद्ध दाद मागितली, त्याने आपल्याहून लहान शेजाऱ्याचे मौन संमती समजू नये. त्याचे म्हणणे विचारून, ऐकून, मगच करारावर सही करावी. ५१ व्या अनुच्छेदातील 'न्याय्य व सन्मानाचे संबंध' या शब्दांचा अर्थ आम्ही असाच लावतो.